किलोला पावशेर

शुक्रवार पेठेत चटणीचा विषय निघाला की शेवटचा शब्द झुंबरबाईचा. कोल्हापुरात लाल चटणी ही काही नुसती तोंडी लावायची गोष्ट नव्हे. आमटी, भाजी, रस्सा, सगळ्यांचा जीव त्या एका बरणीत. उन्हं तापू लागली की घरोघरी वर्षाची चटणी कांडायची, आणि कांडपाच्या गिरणीकडे निघण्याआधी गल्लीतल्या बायका झुंबरबाईच्या उंबऱ्याशी यायच्या. संकेश्वरी मिरची किती, ब्याडगी किती, कांदा-लसूण किती, खोबरं किती, हे ती चुलीपुढून न उठता धडाधडा सांगायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पण वीस वर्षांत तिच्या मापाची चटणी कुणाची बिघडली नाही, आणि हे इतरांनी सांगायच्या आधी ती स्वतःच सांगून मोकळी व्हायची.

तिचा आणखी एक तोरा होता. चुलीवरचं अन्न ती कधी चाखून बघत नसे. चाखलं की उष्टं झालं, आणि उष्टं नवऱ्याला कसं वाढायचं? वासावरून आणि रंगावरून तिला सगळं कळायचं. निदान तिला तसं वाटायचं.

नवरा गणपतराव पाणीखात्यात चावीवाले. पहाटे उठून लांबलचक लोखंडी चावी सायकलला आडवी बांधायची आणि गल्लोगल्ली पाणी सोडत हिंडायचं. नऊच्या सुमाराला घरी येऊन भाकरीवर असे तुटून पडायचे की बघणाऱ्याला भूक लागावी. दोघांना मूल नव्हतं. तिनं रांधायचं आणि त्यांनी पोटभर जेवून ‘व्वा’ म्हणायचं, यावर संसार चालला होता आणि बरा चालला होता.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर गणपतरावांना पाणी सोडता सोडता भोवळ आली. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पुन्हा बांधला आणि झुंबरबाईला आत बोलावलं.

“ब्लडप्रेशर भलतंच वाढलंय, बाई. आजपासून मीठ बंद. लोणचं, पापड, खारवलेलं सगळं बंद. नाहीतर एखाद्या दिवशी अर्धं अंग लुळं पडेल, किंवा माणूसच हाताला लागायचा नाही.”

झुंबरबाईच्या तोंडाचा आ तसाच राहिला. “चिमूटभर बी न्हाय?”

“चिमूटभरसुद्धा नाही.”

घरी आल्याआल्या तिनं मिठाची वाडगी माळ्यावर टाकली. पापड आणि लोणच्याची बरणी शेजारच्या शालूबाईला देऊन टाकली. स्वतःपुरती एक मिठाची पुडी तेवढी डब्यामागं ठेवली. मग बिनमिठाची आमटी केली, भाजी केली, भाकरी थापली. गणपतरावांनी पहिला घास घेतला आणि तो तोंडात तसाच धरून बसले.

“ह्ये काय गं? नळाचं पाणी प्याल्यागत लागतंय.”

त्या दिवशी ते अर्धी भाकरी खाऊन उठले. दुसऱ्या दिवशी दुधात भाकरी कुस्करली. तिसऱ्या दिवशी झुंबरबाई चुलीपुढं नुसती बसून राहिली. पेठेला स्वयंपाक शिकवणारी बाई, आणि आज काय शिजवावं हे तिला सुचेना. हात चालेना, मन लागेना. अळणी शिजवायचं म्हणजे तिला स्वतःचं नाव पुसल्यासारखं वाटत होतं.

आणि एकदम तिला सुचलं. मीठ नाही तर नाही, चटणी तर आहे! तिनं आमटीत नेहमीच्या दुप्पट चटणी घातली, वांग्यात मूठभर भरली. गणपतरावांनी घास घेतला, तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “आता जरा हाय बघ.” झुंबरबाईला आकाश ठेंगणं झालं. ती इतकी हसली की शालूबाईनं पलीकडून हाक मारून विचारलं, काय झालं म्हणून.

दिवसागणिक चटणीचा चमचा मोठा होत गेला. मीठ मात्र माळ्यावरून खाली आलं नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि त्यांचा चेहरा उतरला. ब्लडप्रेशर आधीपेक्षा वाढलं होतं.

“बाई, खरं सांगा. मीठ घालता ना?”

झुंबरबाई तडकली. “अंबाबाईची आण घेती, डॉक्टर. चिमूटभर मीठ घातलं आसंल तर ह्यो हात झडंल माझा!”

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. झुंबरबाईनं वाटेतच नवऱ्याला धारेवर धरलं. “कुठं खाऊन येतासा? मिसळ खातासा व्हय? खरं बोला.”

“न्हाय गं. कुठं न्हाय खाल्लं,” गणपतराव खाली बघत म्हणाले. एवढा दांडग्या आवाजाचा माणूस, पण आवाज असा बारीक, की झुंबरबाईचा संशय आणखीच पक्का झाला.

एप्रिल उजाडला. शालूबाई मिरच्यांची पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली. “सांगा वैनी, माप.”

झुंबरबाई भाकरी थापता थापता सांगू लागली. वीस वर्षं जसं सांगत आली तसं. “मिरची किलो. त्यात निम्मी ब्याडगी. कांदा किलो, चांगला वाळवून. लसूण अर्धा, खोबरं अर्धा. धनं-जिरं बेतानं. आन मीठ किलोला पाव...”

तिचा हात भाकरीवर थांबला.

“पावशेर न्हवं का?” शालूबाई म्हणाली. “दरसाली त्येच की.”

 तव्यावरची भाकरी करपू लागली तरी झुंबरबाईला वास येईना. किलोला पावशेर. तिनंच सांगितलेलं, तिनंच घातलेलं, गल्लीच्या प्रत्येक बरणीत तिच्या मापानं पडलेलं. ती उठली, कोपऱ्यातली बरणी उघडली आणि जन्मात पहिल्यांदा नुसती चटणी बोटावर घेऊन जिभेला लावली. आधी तिखट लागली, आणि मागोमाग मीठ. ढीगभर मीठ! चार-पाच महिने ती नवऱ्याला चमच्याचमच्यानं मीठ चारत होती आणि देवीची शपथ घेत होती. तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडं असं पाहिलं, की शालूबाई घाबरून म्हणाली, “वैनी, भाजलं काय?”

“आज जा तू,” एवढंच झुंबरबाई बोलली.

नवऱ्याला सांगायची तिची छाती झाली नाही. पण संध्याकाळी ताट वाढायचंच होतं. काय वाढायचं? तेव्हा तिला आई आठवली. आई शाहूवाडीकडच्या डोंगरातली. तिथं बाजार लांब आणि घरातलं मीठ बाजाराच्या दिवसाआधीच संपलेलं असायचं. आई कधी अडून बसली नाही. निखाऱ्यात कांदा भाज, लसूण ठेच, आमसूल घाल, ताकात नाचणी शिजव. झुंबरबाईला त्या गरिबीच्या जेवणाची लाज वाटायची. शहरात नांदायला आल्यापासून तिनं घरात नाचणी येऊ दिली नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं वांगं निखाऱ्यात घातलं. भाजलेलं वांगं, भाजलेला कांदा, कच्चा लसूण, हिरवी मिरची आणि वरून अख्खं लिंबू पिळलं. अर्ध्या तासात चूल विझली. आणि वाढण्याआधी, सगळा तोरा बाजूला ठेवून, तिनं एक घास चाखला. मग आणखी थोडं लिंबू पिळलं.

“आंबट हाय,” गणपतराव म्हणाले. “पर जातंय की.”

दुसऱ्या दिवशी ताकातली आंबील. मग हुलग्याचं कळण, आमसूल घालून. मग शेवग्याचा पाला, मुळा, कोवळी मेथी तशीच कच्ची. भीतीनं म्हणा, लाजेनं म्हणा, झुंबरबाईच्या हाताला पुन्हा हुशारी आली. सकाळी डोळे उघडले की आज काय करायचं ते आपसूक सुचायचं. डब्यामागची पुडीही तिनं फेकून दिली. त्यांच्या ताटात जे, तेच तिच्या ताटात.

दोन महिन्यांनी डॉक्टर पट्टा सोडत हसले. “आता कसं! काय बदल केलात?”

 झुंबरबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली आणि पदर तोंडाशी धरून रडू लागली.

“आगं, बरं झालंय न्हवं? रडतीस कशाला?”

“मीच तुमाला मीठ चारलं वो,” ती म्हणाली. “चटणीत मीठ आसतंय. माज्याच हातानं घातल्यालं. माज्या ध्यानातच आलं न्हाय.”

गणपतराव सायकल भिंतीला टेकवून तिच्या शेजारी बसले. 

“मला ठावं हुतं,” ते म्हणाले.

“काय?”

“चटणीत मीठ आसतंय त्ये. दरसाली मिठाची पिशवी सायकलला लावून कोण आणतंय? मीच की.”

झुंबरबाईचं रडं जागच्या जागी थांबलं. “ठावं हुतं? मग बोलला का न्हाय?”

“त्या दिशी तू चुलीम्होरं दगडागत बसल्याली. मला बघवंना. चटणी घातलीस आन हासलीस. म्हटलं, हासू दे. खावं आपण.” मग जरा थांबून, “आन लागत बी झकास हुती.”

“आवो, मेला आसता की!” झुंबरबाई अशी ओरडली, की समोरचा पानवाला दुकानातून बाहेर आला. “माज्या हासण्यापायी मरायला निगालता व्हय? मग मी कुणाकडं बघून हासायचं हुतं?”

 गणपतराव सायकल ढकलत तिच्या मागून घरी आले.

पुढच्या उन्हाळ्यात झुंबरबाईनं गल्लीला नवं माप सांगितलं. बाकी सगळं तेच, मीठ नाही. “बिनमिठाची टिकंल कशी? बुरशी ईल की!” बायका म्हणाल्या. “तर थोडी थोडी कांडा,” ती म्हणाली. बऱ्याच जणी ‘खुळी झाली’ म्हणत दुसरीकडं माप विचारायला गेल्या. वीस वर्षांचं नाव एका उन्हाळ्यात गेलं. तिला वाईट वाटलं, पण तिनं माप बदललं नाही.

शालूबाई तेवढी येत राहिली. एकदा ती ऐन जेवणाच्या वेळी आली आणि दारातच थबकली. गणपतराव भरल्या ताटापुढं हात गुडघ्यावर ठेवून मुकाट बसले होते, आणि झुंबरबाई त्यांच्याच ताटातला पहिला घास खात होती.

“आगं बया! नवऱ्याच्या आधी?”

“व्हय,” घास गिळून झुंबरबाई म्हणाली. “ह्यो माणूस मरंल, पर सांगायचा न्हाय.” आणि तिनं ताट त्यांच्यापुढं सरकवलं.