कॉलनीच्या स्विमिंग पूलमधली ओढ

मी इथला जुना वाचक. नाईट शिफ्टला पंपहाऊसवर झोप लागू नये म्हणून इथले अनुभव वाचतो, आणि खरं सांगायचं तर बरेचदा ते वाचता वाचताच डोळा लागतो. चकवा, हडळ, मुंजा... असल्या कशावर माझा कधी विश्वास बसला नाही. देवावरसुद्धा बेताचाच. आता बसलाय असंही नाही. विश्वास ठेवायलाही अंगात थोडा उत्साह लागतो, तो शिफ्ट करून करून संपलाय. पण मागच्या हिवाळ्यात एक गोष्ट घडली, ती डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

मी ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या कॉलनीत, क्वार्टरमध्ये राहतो. आमच्या पंपहाऊसवर पाण्याखालच्या जाळ्या साफ करायला अधूनमधून कंत्राटी डायव्हर येतात. त्यांच्याशी बोलता बोलता मला नाद लागला आणि सुट्ट्या टाकून मी मालवणला रीतसर स्कूबाचा कोर्स केला. कोर्स केला आणि फसलो. कॉलनीतलं कुणीही कोकणात निघालं की आधी माझ्या दारात! "भाऊ, कोन्ता डाइव्ह करू? डर बी लागते, अन् मजा बी पाह्यजे." तेच ते सांगून तोंड दुखलं. म्हणून इथंच एकदा सांगून टाकतो. पहिल्यांदा जाताय ना, मग खाली वाळू असलेली उथळ जागा निवडा, खडकाची कपार नको. ज्या दिवशी पाण्याला ओढ असेल त्या दिवशी पैसे बुडाले तरी चालतील, उतरू नका. एका माणसामागे एक शिकवणारा असलाच पाहिजे. बीपी, दमा, कानाचं दुखणं लपवू नका. आणि आधी पूलमध्ये सराव केल्याशिवाय समुद्रात पाय घालू नका. ऐकत कुणीच नाही... फोटो तेवढे चांगले आले पाहिजेत.

तर एके दिवशी जेवताना माझी मोठी बहीण मंदाताई म्हणाली, "संजू, मालवणले या टायमाला मी बी येतो. मले पान्याखाली जाचं हाये."

माझा घास हातातच राहिला. कारण ताई पाण्याला किती घाबरते हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. ती अंघोळीलासुद्धा डोक्यावरून तांब्या घेत नाही, चेहरा ओल्या फडक्याने पुसते.

भाऊजी भामरागडच्या पलीकडे एका गावात शाळामास्तर होते. ताई त्यांच्यासोबत तिथेच राहायची. पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंदच असतो, सगळ्यांना ठाऊक आहे. नाल्याला पाणी असताना ओलांडायची वेळ आली तर तिकडचे लोक साखळी करतात, आणि एकमेकांचा पंजा नाही, मनगट धरतात. ओला पंजा सुटतो, मनगट सुटत नाही. सोळा वर्षांपूर्वी असाच नाला ओलांडताना पुढे गावातला एक म्हातारा काठी घेऊन, मागे भाऊजी, त्यांच्यामागे ताई. पण ताईच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या, दोनच दिवसांपूर्वी बाजारात भरलेल्या. मनगट धरलं तर काच फुटेल, सवाष्णीची बांगडी फुटणं बरं नव्हे, म्हणून तिने पंजा दिला. भाऊजींनीही हसून पंजाच धरला. मध्यावर असताना वरून वाहत आलेलं लाकूड आदळलं. ताई झुडपाला अडकली. भाऊजी गेले. दुसऱ्या दिवशी खाली सापडले.

ताई तापाने फणफणली होती, चार लोकांनी उचलून तिला पक्क्या रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून गाडीने सासरी सिंदेवाहीकडच्या गावी पोचवलं. शुद्धीवर आली तेव्हा सासू उशाशी बसून एकच वाक्य बोलली, "बांगड्या वाचवल्या अन् माहा पोरगा सोडला."

त्या वाक्यासोबत ताई सोळा वर्षं जगली. मी तिला इकडे आणलं, ती कॉलनीच्या बालवाडीत लागली, आमची मुलं तिनेच वाढवली. हसते, बोलते, सगळं करते. पण हात कुणी सोडला हे तिला आठवत नव्हतं. पंजा घसरला, की घाबरून तिनेच सोडला? लाकूड आदळल्यापासून झुडपापर्यंतचं सगळं पुसलेलं. अंगभर ओरखडे होते, ते झुडपाचे असंच ती समजत आली. मी शंभरदा सांगितलं, की ताई, असल्या पाण्यात कोण काय धरणार? ती मान हलवायची आणि भाजी निवडायला बसायची. मला त्या मान हलवण्याचा मनापासून कंटाळा आला होता, आणि त्या कंटाळ्याची लाजही वाटायची.

"काऊन जाचं हाये पान्याखाली?" माझ्या बायकोने, वैशालीने विचारलं.

"पाहाचं हाये व, खाली कसं वाटते ते. त्याईले कसं वाटलं असंन ते."

तिला आधी डॉक्टरकडून तपासून घेतलं, बीपी ठीक निघालं. डायव्हर मंडळींकडून सामान मागून आणलं आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी, कॉलनीचा पूल रिकामा असताना, सराव सुरू केला. आधी छातीभर पाण्यात नुसता चेहरा बुडवणं. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या वेळी रडत रडत श्वास घ्यायला शिकली. मग मला म्हणाली, "येवढं काई कठीन नाई रे, तू उगाच सायेब बनून राह्यला होता." नंतर चांगलंच जमलं. म्हणून एका रविवारी तिला खोल बाजूला न्यायचं ठरवलं.

खोल म्हणजे दोन पुरुष पाणी. थंडीचे दिवस, लख्ख ऊन. पोहायला कुणी येत नाही म्हणून पूल तसाच पडून होता, तळाला धुळीचा राखाडी थर बसलेला. वैशालीला काठावर बसवून आम्ही हळूहळू उतरलो. ताई तळावर गुडघे टेकून बसली. मी तिच्या मागे. माझा डावा हात तिच्या सिलिंडरच्या मानेवर, उजवा तिच्या जॅकेटच्या पट्ट्यावर. नवशिक्याला असंच धरायचं असतं. तिने बोटांनी गोल करून 'ठीक आहे' अशी खूण केली. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

आणि तिचा उजवा हात बाजूला गेला.

आधी वाटलं काहीतरी दाखवतेय. पण हात सरळ ताणलेला, खांद्यापासून. मूठ वळलेली नाही, बोटं सैल. आपण हट्टी पोराला मनगट धरून ओढतो ना, तेव्हा त्या पोराचा हात जसा दिसतो, तसा. आणि मग आम्ही सरकायला लागलो. दोघंही! तिचे गुडघे तळावरून घसरत होते आणि तिला धरून मी मागे फरफटत होतो. मी पायातल्या फिन्स मारल्या, उलट जोर लावला. काही फरक नाही. मी पंपहाऊसवाला माणूस, पाण्याची ओढ मला कळते. ओढ असली की बुडबुडे तिरपे जातात. आमचे बुडबुडे सरळ वर जात होते... अगदी सरळ. पाणी ढिम्म उभं होतं आणि आम्ही त्यातून चाललो होतो.

घाबरलो. स्पष्ट लिहितो, फार घाबरलो. पुढे वाकून तिच्या मास्कमध्ये पाहिलं. डोळे उघडे, श्वास संथ. भीतीचं नावही नाही. ती आपल्या ताणलेल्या मनगटाकडे बघत होती. कुणी काही समजावून सांगत असताना आपण बघतो तशी.

तिच्या कमरेचा शिशाच्या वजनांचा पट्टा सोडून तिला वर काढावं म्हणून मी हात नेला, तेवढ्यात ओढ सुटली. झटक्याने नाही, थोडी थोडी करून. हात हळूच खाली आला. जोर लावत होतो तो मीच मागे पडलो. ताईने वळून माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. स्कूबात त्याचा अर्थ 'वर चल'. नवे लोक 'मस्त' म्हणून तो दाखवतात आणि हमखास चुकतात, तिने बरोबर केला होता.

वर आलो तर काठावरून वैशाली ओरडली, "अवो, ताईले ओढून काऊन राह्यले होते तिकडं? डोकं फिरलं का तुमचं?"

ताई पायरीवर बसली, मास्क काढला. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं, पुसलं नाही.

"संजू, त्याईनं सोडला रे."

"कोणी? काय बोलतेस?"

"ह्याईनं. पंजा निसटला होता, पन मंग त्याईनं माहं मनगट धरलं. कचकन. बांगड्या फुटल्या माह्या, काच रुतली. मी धरून होती रे, मी सोडलाच नाई. आमी दोघं बी खाली जाऊन राह्यलो होतो. मंग त्याईनं बोटं उघडली. एकेक करून. आता बी तसंच केलं."

आणि ती रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलासारखी. वैशाली कपड्यांसकट पाण्यात उतरून तिला धरून बसली.

पाणी निवळल्यावर मी वरून तळ पाहिला. धुळीत गुडघ्यांच्या दोन रेघा, थेट भिंतीकडे गेलेल्या, आणि मागे माझ्या फिन्सचा गोंधळ. बाकी काही नाही. मी लगेच पाणी खेचायच्या जाळीकडे बघितलं. ती दुसऱ्या बाजूला होती, आणि तिच्यावरची धूळ जशीच्या तशी. तरी पूलच्या पंप ऑपरेटरला जाऊन विचारलं, मोटर चालू होती का? तो म्हणाला, "कुठची मोटर भाऊ? खोलून ठेवली हाये ना इथी, पाहा." पाहिली. आतल्या तारांचं वायंडिंग बाहेर काढलेलं होतं.

माझ्या शिफ्टच्या सोबत्याला सांगितलं. तो म्हणाला, स्नायू आखडला असेल, पाण्याखाली गेल्यावर जुनी आठवण वर आली असेल, तिनेच पाय मारले असतील. माझ्या जागी दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण पन्नाशीची बाई गुडघ्यावर बसून, पाय न हलवता, मला ओढत नेईल... जाऊ द्या. वाद घालायची ताकद नाही.

मालवणला आम्ही गेलो. मी निवडलेली तीच उथळ, वाळूची जागा. काहीही झालं नाही. ताईने मासे पाहिले आणि वर येऊन म्हणाली, "जित्ते किती सुंदर दिसते रे, मी तं बाजारातलेच पाह्यले होते." बोटीवर ती दोन वेळा जेवली.

परत आल्यावर मला म्हणाली, "गाडी काढ. सासूले भेटाचं हाये." मी नको म्हणत होतो. म्हातारी अंथरुणाला खिळलेली, वर्षानुवर्षं बोलणं नाही, कशाला आगीत हात घालायचा? पण ऐकेल तर ताई कसली. गेलो. धानाची कापणी उरकली होती, घरात नवीन तांदळाचा वास होता. ताई खाटेजवळ खाली बसली आणि पूलमधलं काही न सांगता एवढंच म्हणाली, "आई, मी नाई सोडला. त्याईनं मनगट धरलं होतं, अन् मंग त्याईनंच सोडला."

म्हातारीने मान वळवून ताईच्या उजव्या मनगटाकडे पाहिलं.

"मले माहीत हाये व," ती म्हणाली. "तू तापात होती तवा तुह्या बांगड्या मीच काढल्या. डाव्या हातात साऱ्या होत्या. उजव्यात एक बी नव्हती, मनगटात काच रुतून होती. तवाच समजलं मले, माह्या पोरानं मनगट धरलं होतं म्हून."

मी तावातावाने विचारलं, "मग सोळा वर्षं हिला बोलून काऊन दाखवलं नाई, बाई?"

"मंग मी राग कोनावर काढू रे बापू? पोरावर?"

ताई उठली, तिने चूल पेटवली आणि म्हातारीसाठी पेज केली. त्या रात्री मी एकटाच परत आलो. ताई तिथेच राहिली, अजून तिथेच आहे. म्हातारीला ती भरवते, अंग पुसते, आणि फोनवर मला सांगते की सासू किती कटकट करते.

बांगड्यांचं ताईला कधीच कुणी सांगितलं नव्हतं, हे मी खात्रीने लिहू शकतो. त्या दुपारी पूलमध्ये आम्हाला कशाने ओढलं, हे नाही लिहू शकत. त्या तळाला मी नंतर बऱ्याचदा उतरलो. मागे कुणी नसताना उजवा हात बाजूला पसरून, अगदी हवा संपत येईपर्यंत बसलो. माझा हात कुणी धरला नाही.