फोटूभाऊ आणि माझ्या घरची भिंत

लग्नात फोटो काढणारा माणूस आणि "इकडे पाहा" म्हणत नाही, असा मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. आम्ही बाकीचे सगळे ओरडणारे. इकडे पाहा, मान वर करा, काकू जरा हसा, त्या पोराला कोणी तरी धरा. घसा बसेपर्यंत ओरडावं तेव्हा कुठे पाहुण्यांची एक ओळ सरळ उभी राहते. फोटूभाऊ मात्र कॅमेरा पोटाशी धरून एखाद्या म्हातारीशेजारी जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "माह्याकडे नोका पाहू बाई. तुमी तुमचं काम करा." म्हातारी सुपारी कातरत राहायची, सुनेच्या तक्रारी सांगत राहायची, आणि हा कधी बटण दाबायचा ते कोणाला कळायचं नाही. मलाही कळलं नाही, आणि मी चांगलं त्याच्या मागे मागे फिरून पाहिलं आहे.

मी त्याच्यावर जळतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला वाटायचं की मी फार मोठ्या मनाचा माणूस आहे. सिंदेवाहीच्या चौकात माझा स्टुडिओ आहे. नागपूरचा डिप्लोमा काचेत लावलेला आहे, दिवे आहेत, पडदे आहेत, छपाईचं मशीन आहे. त्याच्याकडे एक कॅमेरा आणि एक झोळी. तरी सारा तालुका त्याला फोटूभाऊ म्हणतो आणि मला स्टुडिओवाला. इतक्या वर्षांत मला कोणी साधं टोपणनावसुद्धा दिलं नाही. पण नावाचं सोडा. माझ्या पोटात खरं दुखतं ते एका फोटोवरून. त्याने काढलेल्या एका फोटोत माझी बायको, सुमन, हसते आहे. तसं हसू माझ्या कॅमेऱ्याला तिने कधी दिलं नाही. सुमन आता नाही. ती गेली तेव्हा घरच्या भिंतीवर तिचा कोणता फोटो लावायचा, मी काढलेला की त्याने काढलेला, यावरून माझा जीव नुसता वरखाली होत होता.

फोटूभाऊ तलावाकाठच्या गावातला, मासेमारांच्या घरचा. जाळ्यावर पोट भरेना म्हणून तरुणपणी गडचांदूरला गेला, चुनखडीच्या खाणीवर मजुरीला. तिथल्या ठेकेदाराला रोज झालेल्या कामाचे फोटो साहेबाला दाखवावे लागत. ठेकेदाराला ते जमेना, म्हणून त्याने कॅमेरा याच्या गळ्यात अडकवला. खड्डा, ट्रक, दगडाचा ढीग, पुन्हा खड्डा. याचं शिक्षण म्हणजे एवढंच. पुढे ठेकेदाराने नवा कॅमेरा घेतला आणि जुना याला देऊन टाकला. "दगडाले हस म्हनता येत नाई ना भाऊ," तो मला एकदा म्हणाला होता. "उजेड फिरेपर्यंत बसून राहा लागे. तिथीच बसाची सवय झाली." आम्ही नागपूरला दोन वर्षं उजेडाची प्रकरणं पाठ केली, आणि हा दगडासमोर बसून शिकला म्हणे. ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं.

लग्नाच्या फोटोंकडे तो वळला ते त्याच्या बापामुळे. बाप वारला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता. शोधून शोधून कोणाच्या तरी लग्नातला एक सापडला, त्यात पंगतीच्या मागे बाप वाढायचं भांडं घेऊन उभा, चेहरा चिंचोक्याएवढा. तो चंद्रपूरला देऊन मोठा करून आणला. तिथल्या स्टुडिओवाल्याने रिवाजाप्रमाणे मागे निळं आकाश टाकलं आणि अंगात कोट चढवला. यात त्याचं काही चुकलं नाही, आम्ही सगळेच चढवतो. लोकांना कोट हवा असतो. गेलेला माणूस साहेबासारखा दिसला की घरच्यांना बरं वाटतं. पण फोटूभाऊच्या आईने तो फोटो हातात घेतला, खालून वर पाहिला आणि विचारलं, "हा कोन होय?" जन्मभर उघड्या अंगाने तलावात उभा राहिलेला नवरा तिला त्या कोटात सापडेना. तिने तो फोटो भिंतीला लावूच दिला नाही.

तेव्हापासून या माणसाने एक ठरवून टाकलं. आपल्याकडे बहुतेक म्हाताऱ्यांचा फोटो निघतो तो कोणाच्या तरी लग्नातच, आणि पुढे हार घालायला तोच कामी येतो. म्हणून ज्या लग्नाला जाईल तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा, त्याच्या रोजच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा. मात्र कशासाठी काढतो हे त्याला कळू द्यायचं नाही. नवरदेव-नवरीचे फोटो तो काढायचाच, पण उरकल्यासारखे. जीव सगळा मांडवाच्या कडेला. मांडवावर पसरलेल्या जांभळीच्या डगाल्यांखाली कोणी विडी ओढत बसलेला, कोणी हळदीच्या हाताने नातवाला दटावणारी, कोणी आहेराच्या साड्या उलगडून नाक मुरडणारी. "मच्छी जिकडं हाय तिकडं आपन पाहाचं नाई," असं तो म्हणायचा. "आपन पाह्यलं का ते खाली जाते."

आता यात माझं काय बिघडलं, असं कोणी विचारेल. बिघडलं असं, की त्याच्याकडे छपाईचं मशीन नाही. त्याचे फोटो छापायला आणि फ्रेम करायला माझ्याच दुकानात येतात. एखाद्या घरात कोणी गेलं की मुलगा डोळे पुसत पेनड्राइव्ह घेऊन येतो, मी तो लावतो, आणि पडद्यावर फोटूभाऊने काढलेला चेहरा उघडतो. म्हातारा जणू आत्ता शेतावरून आला आणि विचारतो आहे, जेवण झालं का. मुलगा तिथेच माझ्या काउंटरवर हात टेकून रडतो. मी काढलेल्या फोटोसमोर माझ्या दुकानात आजवर कोणी रडलेलं नाही. मी काच बसवायची, खिळे ठोकायचे, आणि रडणं त्याच्या वाट्याला.

एकदा मला वाटलं, झालं, बुडाला हा. नवरगावच्या एका लग्नात त्याने चक्क वरमाला चुकवली. स्टेजवर माळा घातल्या जात होत्या आणि हा विहिरीजवळ नवरदेवाच्या आजीपाशी बसला होता. वराकडची मंडळी अशी भडकली की विचारू नका. मी ती बातमी आनंदाने चहाच्या टपरीपासून पोस्टापर्यंत पोचवली. माझ्याकडे दोन लग्नं जास्त आली, तेव्हा मी सुमनला बाहेर नेऊन मसाला डोसाही खाऊ घातला. पुढच्या पावसाळ्यात तोच नवरदेव माझ्या दुकानात आला. आजी गेली होती. विहिरीजवळचा फोटो त्याला मोठ्यात मोठ्या मापात हवा होता. "वरमालेचा काई नाई भाऊ," तो म्हणाला, "ते मोबाईलवर सगळ्याइनं काढली होती." मी फ्रेम केली. खिळा ठोकताना अंगठ्यावर हातोडी बसली ती निराळीच.

मग मीही त्याची पद्धत करून पाहिली. एका मांडवात कॅमेरा पोटाशी धरून एका आजीबाईशेजारी जाऊन बसलो आणि जमेल तितक्या मायेने विचारलं, "काय जेवल्या आजी?"

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुले काऊन पाह्यजे? पंगतीत बसलो होतो ना आमी, चोरून नाई खाल्लं." आणि उठून दुसरीकडे जाऊन बसली. पुन्हा काही मी त्या वाटेला गेलो नाही. आम्ही आपले प्री-वेडिंगवाले बरे. तलावाच्या पाळीवर पोरगी धावते, पोरगा धावतो, आम्ही मागे धावतो.

आता त्या फोटोचं सांगतो. माझ्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न चिमूरकडच्या गावात होतं. सुमनची सख्खी भाची. घरात फोटोग्राफर जावई असताना मेहुण्याने बोलावलं कोणाला, तर फोटूभाऊला. वर मला म्हणाला, "भाऊजी, तुमी पाहुने होय. तुमी आरामात बसा." मी आरामात बसलो. बसल्या बसल्या काय काय गिळलं ते माझं मला माहीत. मानपानाचं सगळं यथास्थित झालं, टॉवेल-टोपी मिळाली, आणि मी पाहत राहिलो की हा कुठे कुठे जातो. दुपारच्या पंगतीनंतर मला डुलकी लागली, आणि नेमका तेवढ्यात तो सुमनजवळ जाऊन बसला.

आठ-दहा दिवसांनी तो प्रिंट काढायला माझ्या दुकानात आला. फोटो एकामागून एक मशीनमधून पडत होते आणि त्यात सुमन पडली. मान एका बाजूला पार कलती, एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं, आणि हसू असं की दातामागची सुपारीसुद्धा दिसावी. मी तिचे किती फोटो काढले असतील. नवे दिवे आले की तिला स्टुलावर बसवायचो, पडदा बदलला की तिलाच बसवायचो. त्या सगळ्यांत ती एकाच चेहऱ्याची, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी. आणि याच्यासमोर ही मान वाकडी करून हसते. मी त्याला काही विचारलं नाही. त्याच्यापुढे मान कोण खाली घालणार.

घरी आल्यावर तिला मात्र विचारलं. "एवढं काय हसत होतीस त्या फोटूभाऊजवळ?"

"काई नाई," ती म्हणाली. "असंच." आणि पदर तोंडावर धरून आत गेली. आतूनही हसण्याचा आवाज आला. मी त्या दिवशी जेवलो नाही. तिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं.

त्यानंतर तीन वर्षांनी सुमन गेली. आजाराचं निमित्त छोटं होतं, पण गेली. फ्रेम करायची वेळ आली तेव्हा आमचा मुलगा प्रशांत म्हणाला, "बाबा, चिमूरच्या लग्नातला लावा. आई त्यातच आईवानी दिसते." मी नाही म्हणालो. चौकात स्टुडिओ असलेल्या माणसाच्या घरी बायकोचा फोटो दुसऱ्याने काढलेला लागला तर लोक काय म्हणतील. मी स्टुलावरचा निवडला. चेहऱ्याचा पोत गुळगुळीत केला, मागे हलका निळा पडदा ठेवला, काच पुसली, आणि लावण्याआधी आतल्या खोलीत टेबलावर ठेवून पाहिला. सगळं बरोबर होतं. दोन दिवस जाता येता पाहिला आणि मला फोटूभाऊच्या आईचं ते बोलणं आठवलं. ही कोण होय, असं मलाच वाटू लागलं.

तेरवीला तो आला. झोळी नाही, कॅमेरा नाही. पंगत उठल्यावर माझ्याजवळ येऊन बसला, त्याच्या सवयीप्रमाणे दुसरीकडेच पाहत. मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर आलं.

"त्या दिवशी तू तिला काय म्हणला होता? कशाले हसली ती एवढी?"

तो जरा गोंधळला. "मी कायले काय म्हनतो भाऊ. वैनीच सांगून राह्यल्या होत्या."

"काय सांगत होती?"

"तुमचंच." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी लोकाइले मान सरळ करा, मान सरळ करा म्हनता, आन फोटू काढतांनी तुमचीच मान वाकडी होते, म्हने. एक डोळा मिटते, तोंड उघडं राह्यते. वैनी म्हने, माह्या स्टुलासमोर हे असं ध्यान, आन मले म्हनते हास, हासली तर म्हनते हलू नोको. वैनी तुमची नक्कल करून दाखवून राह्यल्या होत्या. तो फोटू तुमच्या नकलेचाच होय."

मी प्रशांतला हाक मारली आणि चिमूरचा फोटो छापायला सांगितलं. तो दुकानाकडे गेला, आणि परत येईपर्यंत फोटूभाऊ माझ्याशेजारी तसाच बसून होता.

तो फोटो आता पुढच्या खोलीत आहे. घरात शिरलं की समोरच. माझं काम ठाऊक असलेला प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढे थांबतो आणि एकच विचारतो, "वा, किती जिवंत. तुमीच काढला असन?" दर वेळी मला सांगावं लागतं की नाही, फोटूभाऊने काढला. त्याचं नाव घेताना तोंड अजून कडू होतं, आणि ते होत राहणार, त्याला इलाज नाही. मग मी पाहुण्याला खुर्चीवर बसवतो, हातात खोटा कॅमेरा धरतो, मान वाकडी करतो, एक डोळा मिटतो, आणि ती कोणाला हसते आहे ते त्याला दाखवतो.