कप्तानाच्या बायकोची तक्रार

सत्तर सालानंतरची गोष्ट. सोलापुरात आमच्या क्रीडा मंडळाच्या मैदानावर पुढच्या अंगाला पुरुषांची कबड्डी चालायची आणि मागच्या कोपऱ्यात आम्हा मुलींचा खो-खो. मी तेव्हा कॉलेजात होते. आम्हाला खो-खो शिकवला तो अक्कानं. आमच्याहून थोडी मोठी. खांबाला वळसा घालून ती अशी निसटायची की पाठलाग करणारी तोंडघशी पडे. कबड्डीच्या कप्तानाशी तिचं लग्न झालं तेव्हा मंडळानं मैदानातच पंगत घातली. नंतर तिचं खेळणं सुटलं. सासरी चालत नाही, एवढंच कानावर आलं.

एका संध्याकाळी सराव चालू असताना ती आली. ओठ फुटलेला, डावा हात गळ्यातल्या फडक्यात. कप्तान तेव्हा चढाईवर होता. त्यानं तिला पाहिलं, पण दम सोडला नाही. एक गडी टिपला आणि रेषेवर परतला.

अक्का सरळ अण्णांपाशी गेली. अण्णा मंडळाचे सेक्रेटरी.

"अण्णा, ह्यांना खेळवू नका. मला मारतात. पहिल्यांदाचं न्हाय हे."

अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. "अगं, घरातलं भांडण मैदानावर आणतात का? जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आलीय."

"घरी सांगून बघितलं. सासरे म्हणतात, खेळाडू हाय, तापट असणारच. हे फक्त तुमचं ऐकतात, म्हणून आले."

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. अक्काला बोलावलंच नाही. आम्ही मुली ऑफिसच्या दारात उभ्या होतो. कप्तान आत गेला, अण्णांच्या पाया पडला, "चुकलं" म्हणाला. बायकोच्या नव्हे, अण्णांच्या पाया! झालं, मिटलं.

माझ्यानं राहवेना. मी दारातूनच विचारलं, "अण्णा, पंचाला ढकललं म्हणून गेल्या साली एकाला वर्षभर बाहेर बसवलंत की."

"ते मैदानावर घडलं होतं, बाळ."

त्या उत्तरानं मला बसवेना की उभं राहवेना. घरी जेवताना आई म्हणाली, "पाय का हलवतेस सारखी?"

स्पर्धेच्या सुरुवातीला आमचा प्रदर्शनी सामना ठेवला होता. आम्ही ठरवलं, खेळायचं नाही. काही जणींना घरून दम मिळाला, त्या गणवेश घालून आल्या. पण संघच पुरा होईना. अण्णांनी लाउडस्पीकरवर सांगितलं, "काही अडचणीमुळे मुलींचा सामना रद्द." अडचण कोणती, ते कुणी विचारलं नाही. कबड्डीचा सामना झाला, कप्तानानं तो एकट्यानं ओढला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. माझ्या शेजारची बाई टाळ्या वाजवत म्हणाली, "लई चपळ हाय बघा!" मी गर्दीतून वाट काढत बाहेर आले आणि सात रस्ता चौकापर्यंत नुसती तरातरा चालत राहिले. कुठं जायचं होतं, ठाऊक नव्हतं.

पुढच्या महिन्यात मुलींच्या सरावाची वेळ भर दुपारची झाली. एकेक जण गळत गेली. कप्तानाला खेळावर नोकरी लागली, मंडळानं सत्कार केला. अक्का त्याआधीच माहेरी, नातेपुत्याला निघून गेली होती.

दोनेक वर्षांनी आमच्याच मैदानावरच्या शालेय खो-खो स्पर्धेत मला पंच म्हणून बोलावलं होतं. एका गावच्या शाळेच्या पोरी एसटीतून उतरल्या आणि त्यांच्यामागून गळ्यात शिट्टी अडकवलेली अक्का. त्या शाळेत ती खेळ शिकवणारी बाई झाली होती.

अण्णा लगबगीनं पुढं झाले. "बरी आहेस ना? अगं, तेव्हा आमचाही नाइलाज..."

"पोरींना प्यायला पाणी कुठं मिळेल?" अक्कानं विचारलं.

अण्णांनी नळाकडं बोट दाखवलं. ती पोरींना घेऊन तिकडं गेली. तिच्या मागं जावं, हात धरावा, असं फार वाटलं. पण सामना सुरू व्हायचा होता आणि मी पंच होते. सामनाभर माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. तिच्या पोरी जिंकल्या. जाताना अक्का माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "तुमी त्या दिवशी खेळला न्हाईत, ते मला कळलं होतं." एवढं बोलून ती एसटीत चढली.