खुलासा वाचून दाखवताना

“पहिल्याच परिच्छेदात मजकूर नाकारायचा,” मी त्या बाईंना समजावले. “नाहीतर तो तुम्ही मान्य केला असे धरले जाते.”

त्यांनी मुलीच्या शाळेचे पत्र माझ्या टेबलावर ठेवले होते. त्यावर शिक्का, मुख्याध्यापकांची सही आणि जावक क्रमांक. जावक क्रमांक म्हणजे कार्यालयातून बाहेर पडलेल्या पत्राची नोंद. असा क्रमांक पडलेला कागद घरी आला की आमच्याकडे लोक त्यास नोटीसच समजतात व कचेरीबाहेर माझ्याकडे येतात. अर्ज, तक्रारी, खुलासे हे माझे काम. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी माझ्या मसुद्यावर वकिलांनीही क्वचितच लेखणी चालवली आहे.

पत्रात लिहिले होते की, आपली मुलगी सायली वारंवार वर्ग सोडून जाते, सबब तिची मानसिक आरोग्य तपासणी आवश्यक असून आपण शाळेत समुपदेशकांसमक्ष हजर राहावे.

“भाऊ, हजर राहावा म्हंजे काय ओ?” आईने विचारले. “तिला हास्पिटलात घालतील? रत्नागिरीत मानसिक म्हटला की लोकांना मेंटल हास्पिटलाचाच गेट दिसतो. पोरीचा नाव कापतील शाळेतून. हे मुंबईस असतात. त्यांना कळला तर मलाच विचारतील, तू काय करत होतीस?”

“वर्ग सोडून ती जाते कुठे?”

“मांडवीच्या जेटीवर. एकटीच बसते कडेला. कोणीतरी बघितलान नि शाळेत जाऊन सांगितलान.”

जेटीच्या कडेखाली खोल समुद्र; नाव ऐकून मला बरे वाटले नाही. सायली शेजारच्या बाकावरच बसली होती. दहावीतली मुलगी, दप्तर छातीशी घट्ट धरलेले. परंतु पक्षकार आई होती. मी खुलासा लिहावयास घेतला.

व्यवसायातील एक नियम मी कधी मोडत नाही. सहीपूर्वी मसुदा पक्षकारास मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याप्रमाणे वाचू लागलो, “सबब माझी मुलगी सर्वार्थाने निरोगी असून तिला कोणताही त्रास नाही व पूर्वीही नव्हता. सदर पत्रातील मजकूर खोटा व बदनामीकारक...”

“मला त्रास होतो,” सायली म्हणाली.

“गप ऱ्हव. मोठी माणसा बोलतायत.”

“होतो, आये. वर्गात बसले की छाती धडधडते. श्वास पुरत नाय. आता मी मरणार असा वाटतो, म्हणून पळते.”

“आगो, मग घरात का नाय बोललीस?”

सायलीचे ओठ पांढरे पडले, श्वास जोरजोरात चालू लागला. दप्तर तिथेच टाकून ती फाटकाकडे निघाली. आई मागे धावली आणि तिने दंड धरला, तशी ती अधिकच झटापट करू लागली. स्टॅम्पपेपरसाठी थांबलेली माणसे भोवती जमली. कोणी म्हणाले, तोंडावर पाणी मारा. फाटकापलीकडे भर रस्ता होता.

पत्राखाली वर्गशिक्षिकेचा नंबर होता. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. त्यांनी उचलताच मी माझे पूर्ण नाव व व्यवसाय सांगितला.

“काका, ते राहू दे. सायली कुठाय?”

शाळा जवळच होती. वर्गशिक्षिका बाई स्कूटरवरून आल्या त्या समुपदेशक मॅडमना फोनवर घेऊनच. फोन त्यांनी स्पीकरवर टाकला.

“आधी गर्दी हटवा,” फोनमधून आवाज आला. “ताई, तिचा दंड सोडा. बाई, तिचा विश्वास तुमच्यावर आहे. तुम्हीच बोला, मी सांगते तसं.”

गर्दी हटवण्याचे काम मी केले. बाई जांभ्या दगडाच्या पायरीवर सायलीजवळ बसल्या. “श्वास हळू सोड. मीपण सोडते तुझ्याबरोबर. घाई नाही.” बराच वेळ काही फरक दिसेना. आईने पदर तोंडात धरला होता. मग सायलीचे खांदे खाली आले आणि तिने पाणी मागितले.

“मॅडम, ही वेडी झाली काय ओ?” आईने फोनला विचारले.

“नाही हो. हा घाबरण्याचा झटका. पॅनिक अटॅक म्हणतात. यावर उपाय आहे. आपण शाळेतच भेटू.”

“नि नाव?”

“नाव कोण कापतंय? मी आहे ना वर्गात,” बाई म्हणाल्या.

“पण हे पत्र कोणी पाठवलं?” मॅडमनी विचारले.

“मी ऑफिसात तोंडी सांगितलं, समुपदेशकांना भेटायला घरच्यांना बोलवा म्हणून,” बाई म्हणाल्या. “क्लार्कनी गैरहजेरीच्या नमुन्यात टाइप केलं.”

“मुलीचं तुम्हाला कळतं, आजाराचं मला. मध्ये क्लार्क कशाला? पुढच्या वेळी तुम्ही घरी जा. मग मला सांगा.”

खुलाशात दोष काढण्यास जागा नव्हती. तरीही तो मी फाडला.

सायली आता मॅडमना शाळेच्या वाचनालयात भेटते. बाईंनी तिला दाराजवळची जागा दिली आहे. छाती अजून धडधडते, असे आई सांगते. पण सायली दारापर्यंत जाते, थोडी उभी राहते आणि परत येऊन बसते.

जमिनीच्या वादात आम्ही जमिनीबद्दल वाटेल ते लिहितो, कारण जमीन उठून बोलत नाही. माणसाबद्दल लिहावयाचे असेल आणि ते माणूस समोरच बसले असेल, तर आधी त्यास विचारावे. म्हणजे फाडावा लागणारा कागदही वाचतो.