चार नंबरच्या बंगल्याची भिंत

“चुना नंतर. आधी गिलावा खरवडा. विटा दिसेपर्यंत.”

नव्या साहेबांच्या बाई व्हरांड्यात उभ्या राहून सांगत होत्या. नाकाला पदर. सामानाचा ट्रक फाटकाबाहेर तसाच भरलेला. भिंती खरवडून, गोमूत्र शिंपडून झाल्याशिवाय त्या उंबरा ओलांडणार नव्हत्या.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी हा जुना किल्ला. डोंगरापलीकडे मध्य प्रदेशची हद्द, म्हणून किल्ल्यात बंदूकवाल्या पोलिसांची तुकडी. आत साहेबलोकांचे चार बंगले, बुरुजाखाली आमची एक खोली. मी आणि माझा नवरा बंगल्यांना चुना लावायचो. साहेब बदलला की दोन हात चुना, असा तिथला रिवाज. गिलावा काढायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. काम गेलं की खोली जाणार, हेही ठरलेलं.

चार नंबरमधले आधीचे साहेब आमच्यातले, आमच्यासारखेच बौद्ध झालेले. एका सकाळी अचानक ट्रक आला आणि त्यांचं बिऱ्हाड हललं. त्या दिवसापासून किल्ल्याची हवाच पालटली. मी नळावर गेले की बायका घागरी बाजूला ओढायच्या. पहाऱ्यावरचा शिपाई माझ्या पोरीला हटकायचा. काहीतरी वाईट होणार हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मला भीती वाटायची. खोटं कशाला सांगू?

आता ते समोर आलं होतं. बाईंनी आम्हाला निरखून पाहिलं.

“तुम्ही त्यांच्यातलेच ना? मग बरंच झालं. तुमचं तुम्हीच काढा.”

नवरा खुरपं घेऊन आत गेला. त्याच्यामागे मीही गेले. हो, मीही गेले. मधल्या खोलीची अर्धी भिंत मी या हातांनी खरवडली. नाकातोंडात धूळ गेली. मग दाराशेजारी आले आणि हात थांबला.

तिथं पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. आधीच्या साहेबांच्या बाईंनी गेल्या दिवाळीला त्यांच्या लेकीला भिंतीशी उभी करून उंची मोजली होती. तेव्हा माझी पोर दारात उभी होती. “ये गं, तूही ये,” म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावर पट्टी धरून शेजारी दुसरी रेघ ओढली. माझी पोर बोटभर उंच निघाली. महिनाभर सगळ्या किल्ल्याला सांगत सुटली होती.

“थांबलीस का?” नव्या बाई खिडकीतून.

“बाई, ही रेघ माह्या पोरीची हाये.”

“मग आधी तीच खरवड.”

मी खुरपं खाली ठेवलं.

“मी नाही खरवडत.”

नवरा जवळ आला. आवाज दबका. “काऊन अडून राह्यली वं? खोली जाईन. पोरीले घेऊन कुठी जाशीन?”

“जाऊ दे खोली.”

खिडकीबाहेर पहाऱ्यावरचा शिपाई येऊन उभा राहिला होता. नवऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझं खुरपं उचललं आणि ती रेघ त्यानं खरवडली. दोन्ही रेघा. माझ्याकडे पाठ करून.

त्याच दुपारी मी पोरीला घेऊन किल्ला उतरले. तो आठ दिवसांनी आला. खोली तरीही काढून घेतलीच होती. भांडले नाही. पण त्याला माफ केलं असंही नाही.

जळगाव जामोदात भाड्याची खोली धरली, दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागले. पोरीचं नाव शाळेत घातलं. त्या दिवाळीला मी तिला भिंतीशी उभी केली. नवरा पेन्सिल शोधायला लागला.

“पेन्सिल नको,” मी म्हटलं.

खिळा आणि दगड घेतला. रेघ ठोकून काढली, विटेपर्यंत खोल.

त्यानंतर साहेबलोकांच्या भिंतीला मी चुना लावला नाही. लावणारही नाही.