समोरचा अर्धा

पुतळाबाई भोईर सदुसष्ट वर्षांच्या आहेत. त्या कधी चुकल्याचं मी ऐकलेलं नाही, निदान त्यांच्या तोंडून तरी नाही. त्यांच्या गावाचं तळं नेमकं दोन महापालिकांच्या हद्दीवर आहे. अलीकडे भोईरांचं जुनं गाव, पलीकडे मराठवाड्यातून आलेल्यांची वस्ती. नळ रुसला की दोन्हीकडचे हंडे तळ्यावरच येतात.

इथला एक रिवाज आहे. वैशाखात गाळ काढायचा, पण आपल्या बाजूचा नाही, समोरच्यांचा. आपल्या बाजूला माणूस अंगचोरपणा करतो, दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत मात्र काम चोख करतो, असं पुतळाबाईंचं म्हणणं. चाळीस वर्षं त्या वस्तीच्या बाजूच्या चिखलात उतरल्या. गावातले पुरुष काठावर बसून सूचना करत.

गेल्या वर्षी तळ्याच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं, म्हणजे दोन्ही कचेऱ्यांना आपापला अर्धा सांभाळायला सोपं. गाव खुशीत. झरा आपल्याच बाजूला आहे, असं सगळे धरून चालले होते. पुतळाबाईंच्या मुलाने, दिपेशने, तर संमतीपत्रावर पहिली सही ठोकली. आईला विचारायचं काही त्याला सुचलं नाही, याचा मला अजून राग येतो.

बेलापूरला जनसुनावणी होती. त्या सकाळी पुतळाबाईंनी त्याला खरं काय ते सांगितलं. दिपेश हादरला. मग गप्प राहा म्हणाला, काहीतरी निमित्त काढून सही मागे घेतो. झरा त्यांच्याकडे आहे हे वस्तीला कळलं तर तेच भिंत मागतील. पुतळाबाईंनी ऐकून घेतलं आणि सभागृहात सरळ माईकपाशी गेल्या.

“झरा आमच्यात नाय. चांगुनाच्या बाजूला हाय, पिंपलाखाली. तिथं पाय ठेवला का थंड लागतं. भिंत घातलीत तं आमची बाजू सुकंल.”

वस्तीतल्या चांगुणाबाई साळवे सावकाश उठल्या. आता या काय मागणार, म्हणून दिपेशने मान खाली घातली.

“झरा आमच्याकडं असंल,” त्या म्हणाल्या, “पण खोली पुतळाबाईच्या बाजूला हाय. तिथला गाळ मी काढलाय. पाणी आमच्याकडं निघतंय, टिकतंय तिकडं. आम्हाला भिंत नको.”

भिंत कागदावरच राहिली. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच बायांची समिती झाली. तिला विचारल्याशिवाय तळ्याला हात लावायचा नाही, हे दोन्ही महापालिकांच्या साहेबांकडून लिहून घेऊनच पुतळाबाई घरी आल्या.

या वैशाखात त्यांनी दिपेशला वस्तीच्या बाजूला उतरवलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखल चाचपत पिंपळाखाली गेला आणि एकदम थांबला.

“आये, थंड लागतंय.”

पुतळाबाईंनी गाळाची पाटी त्याच्या हातात दिली.

“हां. आता कर सही.”