अर्धी मिशी

माझ्या नवऱ्याला राग येत नाही, असं माहेरी सगळे म्हणायचे. दादा, माझा थोरला भाऊ, तर कौतुकानं म्हणायचा, "गाय आहे गाय!" त्याच गाईला त्यानं परदेशात नेलं, आपल्या सलूनमध्ये बैलासारखं जुंपलं आणि पासपोर्ट स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. आठवड्याभरात जावयाचं 'अहो' गळालं आणि 'अरे, आटप' सुरू झालं. दुकानाच्या पाटीवर दादाच्या झुपकेदार मिशीचं भलंमोठं चित्र होतं. ती मिशीही हेच कोरायचे.

माझे सासरे आजारी पडले तेव्हा फोनवर एवढंच म्हणाले, "एकदा ये. दाढी तुझ्याच हातची करायचीय." ह्यांनी सुट्टी मागितली. दादानं मानसुद्धा वर केली नाही. "सीझन आहे. गर्दी ओसरू दे, मग बघू."

सासरे वाढलेल्या दाढीनिशी गेले. त्या दिवशीही हे संध्याकाळपर्यंत लोकांच्या दाढ्या करत होते. मी दादाच्या नावानं बोटं मोडली, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले. मग मीच दुकानात जाऊन भांडले, पासपोर्ट घेतला, आणि आम्ही त्याच देशातल्या एका खेड्यात राहायला आलो.

इथे ओसरीत एक खुर्ची आणि भिंतीला आरसा, एवढंच आमचं सलून. एका दाढीला अर्धी सकाळ जाते. आधी गरम टॉवेल, मग गप्पा, मग फेस, पुन्हा गप्पा. पोस्टमन बायकोचं गाऱ्हाणं सांगतो आणि घरी जाताना तिच्यासाठीच फुलं तोडून नेतो. शेजारीण मटारची टोपली ठेवून जाते. दर रविवारी हे पलीकडच्या म्हातारबाबांकडे जातात. ते अंथरुणाला खिळलेत. त्यांच्या हनुवटीखाली हात धरून हे इतक्या हळुवारपणे वस्तरा चालवतात की म्हातारबाबांना तिथेच डोळा लागतो.

अशाच एका रविवारी दारात दादाची गाडी थांबली. जवळच्या शहरात त्याचं नवं दुकान, संध्याकाळी उद्घाटन. "नवं दुकान तूच सांभाळायचं," तो ह्यांना म्हणाला. "आधी माझी दाढी कर, मिशीला आकार दे. आटप, फोटोवाले येणार आहेत."

"बसा दादा," हे म्हणाले. फेस लावला. दादा डोळे मिटून पगार सांगत होता. ह्यांनी वस्तरा पट्ट्यावर घासला आणि डावीकडची मिशी मुळापासून उतरवली. हात चुकला नव्हता. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं.

दादानं डोळे उघडले. आरशात बघून त्यानं ओठावरून हात फिरवला. ह्यांनी वस्तरा पुसला आणि पेटी उचलली. "मी म्हातारबाबांकडे जाऊन येतो. ते वाट बघतायत."

"आणि माझं काय?"

"सीझन आहे, दादा. गर्दी ओसरू दे, मग बघू."

दादा आधी माझ्यावर उखडला, मग काकुळतीला आला. "अगं, तू तरी उरलेली काढ. येतं ना तुला?"

येतं. ह्यांनीच शिकवलंय. निदान त्याचं तोंड तरी दोन्हीकडून सारखं झालं असतं.

"मटार सोलतेय मी," मी म्हटलं आणि एकेक शेंग सावकाश उघडत बसले. मटार सोलण्यात इतकं सुख असतं हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी तो रुमालानं तोंड झाकून गाडीत बसला. उरलेली मिशी त्यानं वाटेत कुठेतरी उतरवली असेल. पाटीवर मात्र ती दोन्ही बाजूंना आहे.

हे दुपारी परतले. ब्रश धुतला, टॉवेल वाळत घातला आणि रिकाम्या खुर्चीत बसले.

"आता जीव थंड झाला ना?" मी विचारलं.

"नाही गं. माझ्या बाबांची दाढी राहिली ती राहिलीच."

आणि ते रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, आणि मनात आलं, दादाची एक भुवईसुद्धा उतरवायला हवी होती.